एकही नाव ओळखीचं नाही: ग्रोनिंगनचा युरोसॉनिक

बुधवार

नेदरलँड्सच्या नकाशात ग्रोनिंगन अगदी वर, उजव्या कोपऱ्यात आहे. आम्स्टरडॅमकडच्या माणसाला तिथे निघालोय म्हटलं की तो काळजीने विचारतो, "राहायची सोय आहे ना?" पुढे मनुष्यवस्तीच नाही असा एकूण सूर. प्रत्यक्षात आम्स्टरडॅम झाउडला गाडीत बसलं की दोनेक तासांत पोचता येतं. आल्मेरे, लेलिस्टाड, झ्वोले, आसन अशी स्टेशनं मागे पडतात. झ्वोलेनंतर बाहेर नुसती ओली हिरवी सपाटी आणि मधूनच एखादा कालवा. जानेवारीत पाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात खिडकीत स्वतःचंच तोंड बघत बसावं लागलं.

स्टेशन मात्र थांबून बघण्यासारखं. १८९६ सालची इमारत आहे. मधल्या दालनाचं छत कागदाच्या लगद्याचं आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. माझी भाची घ्यायला आली होती. ती इथल्या विद्यापीठात शिकते. विद्यापीठ १६१४ सालचं, गावभर विद्यार्थी, आणि विद्यार्थ्यांपेक्षा सायकली जास्त. छत बघत मान वर करून उभा राहिलो तर म्हणाली, "मामा, छत रविवारी पण असेल. चल, पहिला कार्यक्रम चुकेल."

युरोसॉनिक नॉर्डरस्लाख हे महोत्सवाचं पूर्ण नाव. जानेवारीच्या मध्यावर बुधवार ते शनिवार, आणि तीनशेच्या वर कलाकार. पहिले तीन दिवस युरोपभरातले नवे गायक आणि बँड गावातल्या नाट्यगृहांत, क्लबांत, बारमध्ये, चर्चमध्ये वाजवतात. तो युरोसॉनिक. शनिवारी फक्त डच कलाकार, सगळे एकाच इमारतीत. तो नॉर्डरस्लाख. आधी जन्मला तो धाकटा दिसणारा नॉर्डरस्लाखच, १९८६ साली, डच आणि बेल्जियन बँडची जुगलबंदी म्हणून. युरोप मागाहून जोडला गेला. करोनाच्या काळात, २०२१ आणि २०२२ साली, सगळं पडद्यावर झालं होतं. दरवर्षी एका देशाच्या कलाकारांना खास मान देतात. मी गेलो त्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, तो देश इटली होता.

मी पुण्याचा. सवाईत वाढलेला. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिका हातात पडली की आधी शेवटचं नाव बघायचं, मग त्याच्या आधीचं, आणि कुठल्या दिवशी रजा टाकायची ते ठरवायचं. इथे पत्रिकेवरून वर-खाली बोट फिरवून पाहिलं, एक नाव ओळखीचं निघेल तर शपथ. माहितीची वाक्यं तर सगळी एका साच्यातली. लिस्बनचं स्वप्नाळू पॉप, ओस्लोचं गडद स्वप्नाळू पॉप, वॉर्साचं नाचरं पण आतून गडद असं काहीतरी. भाचीने त्यावर तोडगा काढला होता. माहिती वाचायचीच नाही. कुठली ठिकाणं एकमेकांपासून चालत पाच मिनिटांच्या आत आहेत तेवढं बघून तिने एक तक्ता केला होता, रंगबिरंगी, वेळेसकट.

"आणि एक लक्षात ठेव," ती म्हणाली, "सवाईसारखं ठाण मांडून बसायचं नाही. आवडलं नाही तर उठायचं."

"गाणं चालू असताना?"

"गाणं चालू असतानाच. संपल्यावर सगळेच उठतात."

ग्रोटे मार्क्ट हा गावातला मोठा चौक. त्याच्या काठावर ग्रँड थिएटर आहे आणि कोपऱ्यात मार्टिनी टॉवर, सत्त्याण्णव मीटर उंच, त्या रात्री वरचा निम्मा धुक्यात. मनगटावर कापडी पट्टा बांधून घेतला, कोट ठेवायच्या खिडकीशी रांग लावली आणि आत शिरलो. इटलीचं त्रिकूट होतं. दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही पंचविशीच्या आतली. पहिलं गाणं संपलं, टाळ्या बऱ्या पडल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या समोरचे चौघे शांतपणे वळले आणि निघून गेले. मग डावीकडचे दोघे. रागावून नव्हे, कंटाळूनही नव्हे. घड्याळ बघून. दारातून तितकेच नवे आत येत होते. गाणाऱ्या मुलीला हे सगळं समोर दिसत होतं आणि ती तिच्या जागी होती तशीच होती. मला मात्र कानकोंडं झालं. आपल्याकडे मैफिलीतून मधेच उठायचं तर माणूस वाकून, खांदे चोरून, जणू कुणाचं काही उचलून नेतोय असा जातो.

मी हट्टाने शेवटपर्यंत थांबलो. पाऊण तासच तर होता. चौथं गाणं फार चांगलं होतं, बाकीची साधीच. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "एका गाण्यासाठी तू दोन बँड सोडलेस." हिशोब बरोबर होता. पण ते चौथं गाणं मला मिळालं आणि त्या चौघांना नाही, हाही एक हिशोबच.

गुरुवार

दुपारपर्यंत गाव पाहिलं. स्टेशनसमोर पाण्यातच उभं असल्यासारखं ग्रोनिंगर म्युझियम आहे. पिवळा मनोरा, त्याला चिकटलेले वेगवेगळ्या रंगांचे आणि आकारांचे डबे. कुणी मुलाने रागारागाने रचल्यासारखी ही इमारत १९९४ साली अलेस्सांद्रो मेंदिनी या इटालियन रचनाकाराच्या कल्पनेतून उभी राहिली. आवडली असं म्हणणार नाही, पण धुक्याच्या राखाडी दुपारी तो पिवळा रंग डोळ्यांना बरा वाटला. तिथून चालत आ-केर्क या जुन्या चर्चच्या चौकात. शेजारी जुना धान्यबाजार आहे, खांबांची दिमाखदार इमारत, आणि आत चक्क किराणा-भाजीचं सुपरमार्केट. पाव आणि चीज घेतलं. मग फोरमच्या गच्चीवर. हे २०१९ साली उघडलेलं वाचनालय आहे, सिनेमागृह आहे, पोरांना अभ्यासाला बसायची जागा आहे, आणि वरून गाव बघायला कुणी पैसे मागत नाही. वरून दिसलं की सगळा मामला केवढा लहान आहे. ज्या अंतरात आपल्याकडे अलका टॉकीजपासून मंडईपर्यंत पोचतो, तेवढ्यात इथली जवळजवळ सगळी ठिकाणं बसली आहेत. असा महोत्सव मुंबईत का करता येणार नाही याचं उत्तर त्या गच्चीवर मिळतं. अंधेरीचा बँड ऐकून पाऊण तासाने काळ्या घोड्याला पोचून दाखवा.

संध्याकाळी एका बारच्या मागच्या खोलीत गेलो. ना नाव भारदस्त, ना खोली. शंभर-सव्वाशे माणसं, छत हाताला लागेल असं, रंगमंच वीतभर उंच. उत्तर मॅसेडोनियाचा गट होता. क्लॅरिनेट, इलेक्ट्रिक गिटार, एक सिंथ, आणि गळ्यात अडकवलेला मोठा ढोल. त्याला तापान म्हणतात. उजव्या हातात जाड वाकडी दांडी, डाव्या हातात वेताची बारीक काडी. दांडीचा घाव पोटात बसतो, काडी नुसती सळसळते.

दुसरं गाणं सुरू झालं आणि माझी बोटं आपोआप अंगठ्यावर मोजायला लागली. तीन, दोन, दोन. पुन्हा तीन, दोन, दोन. सात मात्रा. हा तर आपला रूपक ताल! त्यांच्याकडे या तालावर हात धरून सावकाश फिरत नाचतात. मी टाळी-खाली धरायला गेलो आणि गंमत झाली. आपल्या रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीवर आहे, टाळीवर नाही. पहिल्या मात्रेला हात उलटा पडतो, तबल्यावर डग्गा मिटलेला असतो, आणि वजन येतं ते चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. यांच्याकडे त्याच पहिल्या मात्रेवर त्या जाड दांडीचा दणका. म्हणजे मी जिथे हात हवेत सोडतोय तिथे तो माणूस सगळी ताकद लावतोय. चार आवर्तनं माझा हात आणि त्याचा ढोल भांडत होते. मग मी खाली सोडून दिली आणि त्याच्याबरोबर पहिल्या मात्रेला टाळी द्यायला लागलो. त्याबरोबर सगळं गाणं एकदम जड, जमिनीला धरून चालणारं झालं. आकडे तेच, चाल पार निराळी. लहानपणी तबल्याच्या क्लासला रूपक घटवून घेताना गुरुजी म्हणायचे की मात्रा मोजून ताल येत नाही. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

ढोलवाला समोरच होता, तीन हातांवर. माझी टाळी त्याला दिसत असणार, कारण शेवटच्या, तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तिहाईसारख्या तुकड्याला त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यांच्यात अशा तुकड्याला काय म्हणतात कोण जाणे. नावाजलेल्या कलाकाराला पंधरा हजार लोकांत बसून ऐकताना हे होत नाही. मोठ्या मंडपात आपण पडद्यावर कलाकाराची बोटं बघतो, आणि तीही कॅमेरावाल्याला सुचलं तर.

भाची या काळात दोनदा बाहेर जाऊन आली होती. "तू अजून इथेच?"

"इथेच."

तिने तक्त्यातले दोन चौकोन खोडले.

रात्री व्हेरा. ओस्टरस्ट्राटवरचा हा क्लब बाहेरून अंधारा दरवाजा आणि आत त्याहून अंधार, पण गावातल्या कुणालाही विचारा, याचं नाव ते जरा सावरून बसत घेतात. १८९९ साली विद्यार्थ्यांची संघटना म्हणून सुरू झाला. आज गावभरच्या स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. बारवरची मुलगी, दारावरचा मुलगा, बरेचसे बिनपगारी. १९८० साली यू टू इथे वाजवून गेले आणि १९८९ साली निर्वाणा, दोघांनाही जगाने डोक्यावर घेण्याआधी. क्लबची पोस्टरं याच इमारतीत हाताने छापली जातात, जाळीवर शाई ओढून. जिन्यात त्या पोस्टरांचे थर बघत मी इतका वेळ उभा राहिलो की मागून येणाऱ्याने विनंती केली, एकतर वर जा नाहीतर खाली.

त्या रात्री आयर्लंडचे चौघे होते, आवाज कानठळ्या बसवणारा. बारवर कानात घालायचे बोळे मिळतात, ते न लाजता घ्यावेत. डच पोरंसुद्धा घालतात. मला लक्षात राहिली ती वाजवण्याच्या आधीची दहा मिनिटं. इथे पडदा नसतो, पडद्यामागे मांडामांड करणारी माणसंही नसतात. मागचा बँड आपलं सामान उचलतोय, नवा आणतोय, सगळं लोकांसमोर. ड्रम वाजवणारी मुलगी गुडघ्यावर बसून पायाच्या पॅडलखाली चिकटपट्टी लावत होती. दात लावून तोडायची, चिकटवायची, पाय मारून बघायची, पॅडल सरकायचं, पुन्हा एक पट्टी. शेवटी तिने बूट काढला आणि अनवाणी पायाने मारून बघितलं. मग उठली, कपाळावरचे केस मागे घेतले आणि पुढची चाळीस मिनिटं भिंत पाडायला आल्यासारखी वाजवत होती. एका पायात बूट नव्हताच.

शुक्रवार

सकाळी भाचीला तास होते, म्हणून मी एकटाच द ओस्टरपोर्ट या नाट्यगृहाकडे गेलो. संगीताच्या व्यवसायातल्या लोकांची परिषद तिथे दिवसभर चालते. आत जायला वेगळा, महागडा पास लागतो. तो माझ्याकडे नव्हता, पण बाहेरच्या कॉफीच्या रांगेत अर्धी परिषद उभीच असते. गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन, आणि बोलणं सगळं तारखांचं.

एका जर्मन बाईंशी गप्पा झाल्या. उन्हाळ्यातल्या एका मैदानी महोत्सवासाठी कलाकार निवडायचं त्यांचं काम. मी विचारलं, एका रात्रीत किती जणांना ऐकता? म्हणाल्या, पंधरा-सोळा. दोन-दोन गाणी. मग बुधवारी माझ्यासमोरून घड्याळ बघून उठलेले चौघे कोण होते ते मला कळलं. त्या म्हणाल्या, "मला गाणं चांगलं आहे का हे बघायचंच नसतं, ते मी घरी ऐकलेलं असतं. भर दुपारी तीन वाजता, उन्हात, हातात बिअर घेऊन उभे असलेले लोक या पोराकडे वळून बघतील का, एवढंच मला बघायचं असतं." जानेवारीच्या थंडीत, काळोख्या खोलीत उभं राहून जुलैतलं ऊन डोळ्यांसमोर आणायचं, हे त्यांचं कसब.

महोत्सव जानेवारीत का, याचंही उत्तर त्यात आलंच. उन्हाळ्याच्या पत्रिका याच सुमारास भरत असतात. शिवाय युरोपातली सरकारी नभोवाणी केंद्रं आपापल्या देशाचे नवे कलाकार इथे पुढे करतात आणि कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून देशोदेशी ऐकवतात. महोत्सवाचीच एक योजना २००३ पासून चालू आहे. दुसऱ्या देशातल्या नव्या युरोपियन कलाकाराला बोलावणाऱ्या महोत्सवांना तिच्यातून हातभार मिळतो, त्यात युरोपीय संघाचाही पैसा आहे. आजची जगप्रसिद्ध पॉप गायिका डुआ लिपा २०१६ च्या जानेवारीत, विशीतली मुलगी असताना, इथे गाऊन गेली. तिचा पहिला अल्बम तेव्हा यायचा होता. हे उदाहरण इथे सगळे देतात. न निवडल्या गेलेल्यांचं उदाहरण अर्थातच कुणी देत नाही.

तर ही जत्रा आहे तसा बाजारही आहे. गाणारा गातो ते माझ्यासाठी नव्हे, माझ्या मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ओळखपत्रवाल्यासाठी. हे कळल्यावर थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. आपल्याकडे नव्या गायकाला पहिल्या सत्रात, दुपारी बसवतात. समोर रिकाम्या खुर्च्या, आणि आलेले लोक जागा धरून डबे उघडण्याच्या नादात. समोर निवड करणारा कुणी असतोच असं नाही, असला तर त्याने आधीच ठरवलेलं असतं. इथे निदान तीनशे जणांना समान पाऊण तास आहे. कुणाचा गुरू कोण, घराणं कुठलं, हे विचारणारं कुणी नाही. शिफारस चालत नसेल असं मी म्हणत नाही. खोलीत शिरल्यावर ती ऐकू येत नाही, एवढं खरं.

रात्री पहिल्याच ठिकाणी रांगेत अडकलो. आतली माणसं बाहेर येतील तेवढीच बाहेरची आत, असा नियम. दोन अंश तापमान, पाय गोठलेले. रांगेतले लोक मात्र निवांत. पुढचा माणूस मागच्याला विचारतोय, काल काय ऐकलंस, तिकडे जाऊ नकोस, अमक्या बारमध्ये जा. पत्रिकेपेक्षा ही रांग जास्त कामाची. तिथेच एका दाढीवाल्याने सांगितलं, चर्चमध्ये एस्टोनियाची एक बाई आहे, हे सोड आणि तिकडे पळ. भाचीच्या तक्त्यात ती नव्हती. पळालो.

चर्च जुनं, लाकडी बाकांचं. बसायला मिळालं हाच आधी मोठा आनंद. समोर एकटी बाई, मांडीवर तालहार्पा. चौकोनी लाकडी पेटी, वर कमान, आणि चार तारा घोड्याच्या केसांच्या. गजाने वाजवतात, पण तारांखाली बोटं दाबायला पट्टी नाही. डाव्या हाताची बोटं कमानीच्या आतून घालून नखांच्या मागच्या बाजूने तार दाबायची. म्हणजे आपल्या सारंगीवाल्याचंच दुखणं. मी दुसऱ्या बाकावर होतो, तिच्या बोटांच्या मागचे घट्टे दिसत होते. पायाशी एक छोटं यंत्र. वाजवलेला तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. आधी तिने पेटीवर बोटांनी टकटक केली आणि ती यंत्रात सोडली. त्यावर गजाचा एक लांब खरखरीत सूर. तो थांबेचना, तंबोऱ्यासारखा. मग त्यावर दुसरा, किंचित उतरलेला, मुद्दाम बेसुरा ठेवलेला, त्यामुळे दोन सुरांत एक धडधड सुरू झाली. आणि मग ती गायली, अगदी बारीक आवाजात, एकच ओळ.

मध्येच गजाचे दोन केस तुटले. लोंबकळायला लागले. तिने यंत्राला आपलं काम करू दिलं, केस दातांत धरून तोडले, बाजूला टाकले आणि समेवर म्हणावी अशा जागी पुन्हा आत शिरली. माझ्या तोंडून "क्या बात है" निघून गेलं. चर्चमध्ये, मोठ्याने. दोन बाकांवरून माना वळल्या. भाचीने डोक्यावर टोपी ओढून घेतली.

इथून कुणी उठलं नाही. ओळखपत्रवालेसुद्धा. मी मुद्दाम वळून बघितलं.

त्यानंतर आणखी दोन ठिकाणी गेलो, सिम्प्लॉनला आणि हौझे मासला. दोन्हीकडे तिसऱ्या गाण्याला मीच बाहेर पडलो. भाचीने घड्याळ दाखवायच्या आत. कोट घेताना ती नुसती हसली.

रात्री एकच्या पुढे भूक लागली. या गावात बार बंद करायची सक्तीची वेळच नाही, त्यामुळे पेपरस्ट्राटवर दिवसासारखी गर्दी. इथला खास पदार्थ आयरबाल. अख्खं उकडलेलं अंडं, त्यावर मसालेदार घट्ट सारणाचा थर, वरून पावाचा चुरा, आणि खोल तेलात तळलेलं. थंडीत दोन्ही हातांत धरून खायचा. पहिला घास तोंड भाजतो, दुसरा मोहरीत बुडवून. मी दोन खाल्ले. तिखट कमी, पण रात्री एक वाजता तक्रार कोण करणार?

शनिवार

शनिवारचं सगळंच वेगळं. एकच इमारत, द ओस्टरपोर्ट. १९७० च्या दशकातलं काँक्रीटचं मोठं नाट्यगृह, आत मोठ्या-छोट्या बऱ्याच खोल्या, जिन्याखालीसुद्धा एक रंगमंच थाटलेला. बाहेरची थंडी नाही, रांगा नाहीत, पण गर्दीत या खोलीतून त्या खोलीत जायला बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिकिटं वेगळी, लोक वेगळे. युरोसॉनिकला रांगेत इंग्रजी ऐकू येत होतं, इथे एकदम अस्सल डच. गाणीही बरीचशी डचमध्ये, त्यामुळे लोक हसत होते तिथे मी भाचीकडे बघायचो आणि ती दोन ओळींनंतर सांगायची. विनोदाचं मातेरं.

कोट ठेवायच्या खिडकीवर पन्नाशीतल्या एक बाई होत्या. माझं आडनाव बिल्ल्यासाठी विचारलं आणि एकदम हिंदीत बोलायला लागल्या. हिंदी म्हणजे सरनामी, भोजपुरीकडे झुकणारी, मधेमधे डच शब्द. त्यांचे पणजोबा कलकत्त्याहून सुरिनामला मजूर म्हणून गेलेले. तिथून घर नेदरलँड्सला आलं. घरात अजून बैठक गाना होतं म्हणाल्या, हार्मोनियम, ढोलक आणि धनताल, म्हणजे लांब लोखंडी सळी आणि तिच्यावर वाजवायचा नाल. मी विचारलं, या महोत्सवात त्यातलं कुणी का नाही? त्यांनी खांदे उडवले. "हमार लड़का रैप करे है," एवढंच बोलल्या आणि पुढच्याचा कोट घेतला. मागे रांग वाढली होती, नाहीतर मी तिथेच तासभर थांबलो असतो. आतल्या दोन बँडपेक्षा हा संवाद मला जास्त लाभला.

रात्री मोठ्या सभागृहात पॉपप्राइस देतात. आदल्या वर्षी डच पॉप संगीतात सर्वांत मोलाची भर घालणाऱ्याला मिळणारा हा पुरस्कार. इथली रीत अशी की नाव जाहीर झालं आणि विजेता मंचावर आला की लोक त्याच्यावर बिअरचे प्लास्टिकचे पेले भिरकावतात. भरलेले. प्रेमाने. आपल्याकडे शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मग अध्यक्षीय भाषण. इथे अध्यक्ष भिजू नये म्हणून बाजूला सरकून उभा. भाचीने आधीच बजावलं होतं, पुढे जाऊ नकोस. गेलो नाही, तरी डाव्या खांद्यावर अर्धा पेला आलाच.

खरं सांगायचं तर शनिवार मला बेताचाच वाटला. सगळं एका छपराखाली आलं की चालणं संपतं, आणि चालणं संपलं की दोन गाण्यांच्या मधली ती थंड हवेची दहा मिनिटंही जातात. आधीच्या तीन रात्री त्या दहा मिनिटांत ऐकलेलं पोटात उतरायचं. इथे एक दार लोटलं की दुसरा दणका. भाचीला मात्र हाच दिवस सर्वांत आवडला. ती पहाटे चारला आली. मी दीडलाच तिच्या खोलीतल्या गादीवर आडवा झालो होतो.

रविवार

सकाळी स्टेशनवर छत शांतपणे बघून घेतलं. गाडीत सायकली ठेवायच्या जागेत गिटारच्या पेट्या, की-बोर्ड, आणि झोपलेली माणसं. माझ्यासमोर तिघं डच पोरं, ढोलाच्या तीन काळ्या गोल पेट्या रस्त्यात. त्यातला एकजण जागा होता. त्याने विचारलं, महोत्सवाला होतात का? मी हो म्हटलं.

"आम्हाला ऐकलंत का? काल, तळमजल्यावर, सव्वाअकराला?"

"सव्वाअकराला मी बिअर पुसत होतो."

तो हसला. मग कुणाकुणाला ऐकलंत म्हणाला. मी मॅसेडोनियाचा ढोलवाला सांगितला, एका बुटाची आयरिश मुलगी सांगितली, चर्चमधली तालहार्पावाली सांगितली. त्याला यांपैकी कुणीच माहीत नव्हतं. चार दिवस तो इथेच होता, पण आपलं वाजवणं, सामान हलवणं आणि ओळखपत्रवाल्यांना गाठणं यात दुसऱ्या कुणाला ऐकायला वेळच झाला नव्हता. त्याने फोन काढला आणि माझ्याकडून तालहार्पाचं स्पेलिंग विचारून घेतलं.

झ्वोलेला त्यांना उतरायचं होतं, संध्याकाळी दुसऱ्या गावात वाजवायचं होतं. सर्वांत मोठी पेटी दारात आडवी अडकली. एका बाजूने मी धरली, एका बाजूने त्याने, तिरकी करून फलाटावर उतरवली, आणि शिट्टी झाल्यावर मी उडी मारून परत आत आलो.